शेजारच्या सीटवरचा ब्रेक

मंगळवार, ४ मार्च

आज दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, मी दवाखान्याच्या चौकात डावीकडचं वळण अत्यंत सफाईने घेत असताना, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मला गाडी शिकवणाऱ्या बाईंना फोनवरून नोकरीतून काढून टाकलं. तारीख आणि वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे कोणी "असं झालंच नव्हतं" म्हणायला नको.

फोन स्पीकरवर होता, कारण तास चालू असताना बाई हात मोकळे ठेवतात. "गाडी घेऊन ये, किल्ली टेबलावर ठेव, उद्यापासून यायचं नाही." झालं. माणूस दूधवाल्यालासुद्धा याहून सभ्यपणे नको म्हणतो. मी गाडीत आहे हे त्याला ठाऊक होतं. माझा तास चारला संपतो हेही ठाऊक होतं. तेवढा धीर धरवला नाही.

बाई "बरं" म्हणाल्या, फोन ठेवला आणि मला विचारलं, "मॅडम, आरसा पाहिलात?" मी पाहिला. मागे चिटपाखरू नव्हतं. नजर पुढे आणली तर एक सायकलवाला आडवा जात होता आणि गाडी त्याच्या अलीकडे शिस्तीत थांबलेली होती. नोकरी गेल्याच्या क्षणी आरशाचं सुचणारी बाई विरळाच. शिकवतात चांगलं, पण नको तेव्हा आरशाचं विचारायची त्यांना खोडच आहे.

मी चौसष्टाव्या वर्षी गाडी शिकते आहे याची घरात बरीच थट्टा झाली. ती इथे लिहून कागद वाया घालवत नाही. हे होते तोवर मी जन्मभर शेजारच्या सीटवर बसले. "तुला नाही जमायचं, तू रस्त्याकडे फार रागाने बघतेस," म्हणायचे. ते गेले, गाडी शेडमध्ये राहिली आणि सून ती विकायला निघाली. मी म्हटलं, थांब. भावाची ड्रायव्हिंग स्कूल आहे, तिथे नाव घातलं. तीन महिने होत आले. गाडी माझं ऐकते. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच असतात, वेळ पडली तर शिक्षकाला दाबता यावेत म्हणून. माझ्या बाबतीत ती वेळ आजवर आली नाही.

ऑफिसात जाऊन विचारलं, "बाळ्या, हा काय प्रकार?" तो साठीला टेकला आहे, पण मला बाळ्याच.

"ताई, तू यात पडू नकोस. तिनं परीक्षेत ब्रेक दाबला."

प्रकार असा. परवान्याच्या परीक्षेत परीक्षक मागे बसतो आणि शिक्षक शेजारी. शिक्षकाने ब्रेक दाबला की उमेदवार तिथल्या तिथे नापास. काल परीक्षेला होत्या बँकेच्या मॅनेजरच्या बायको. बँकेची सगळी माणसं भावाकडे शिकायला यायचं घाटत होतं. आणि बाईंनी ब्रेक दाबला. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे एका म्हाताऱ्यासाठी, मॅनेजरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे कोणासाठीही नाही. मॅनेजरीणबाई नापास, बँक हातची गेली.

"सगळ्यांच्याच गाडीत दाबते ती. पोरं तिला ब्रेकबाई म्हणतात," भाऊ म्हणाला.

सगळ्यांच्या असेल. माझ्या नाही.

"मग माझा उरलेला तास?"

"ताई, कोणाचं काय चाललंय आणि तुझं काय!"

हे उत्तर नव्हे.

बुधवार, ५ मार्च

सकाळीच भावजयीचा फोन. "वन्सं, जरा ऑफिसात येता का? हे डोकं धरून बसलेत." गेले. तिथे एक सल्लागार बसला होता. वय तिशीचं, टाय पोटाखाली लोंबणारा, आणि प्रत्येक वाक्याला 'सर'ची शेपटी.

या वर्षापासून कामगारांचा नवा कायदा लागू झाला आहे. भावाने तो वाचलेला नाही. मी तीस वर्षं विमा कंपनीत काढली, शेवटची दहा ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून. न वाचता सही करणारी जात मला लांबून ओळखू येते. सल्लागाराने सांगितलं ते असं. पूर्वी नोकरीची पहिली दोन वर्षं मालकाची मर्जी. आता पहिल्या दिवसापासून संरक्षण. काढायचं तर कारण लेखी द्यायचं, समोर बसवून सुनावणी घ्यायची, आणि त्या सुनावणीला कामगार आपल्या पसंतीची एक सज्ञान व्यक्ती सोबत आणू शकतो. तक्रार करणारा आणि निकाल देणारा एकच माणूस चालत नाही. निकालावर अपील. ते ऐकणारा मालकाच्या नात्यातला नसावा. यातलं काहीच न करता तोंडी काढलं, तर काढलेलंच नाही असं धरायचं.

"म्हणजे ती अजून नोकरीत आहे?" भावाने विचारलं.

"कायद्याने हो, सर."

"मी काढली तरी?"

"आपण काढलंच नाहीत, सर."

भावाने भावजयीकडे पाहिलं. भावजयीने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर, विद्यार्थ्यांच्या बाकावर, बाई बसल्या होत्या. डबा मांडीवर. नेहमीच्या वेळेला कामावर हजर, गाडी कोणी दिली नाही म्हणून बसून. एक विद्यार्थिनी शेजारी बसून त्यांना चढावर गाडी कशी उचलायची ते विचारत होती, आणि बाई हाताच्या दोन तळव्यांनी क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर करून दाखवत होत्या.

मला विचाराल तर कायदा निव्वळ मूर्खपणा आहे. चार गाड्यांची ड्रायव्हिंग स्कूल आणि थाट कोर्टाचा! आमच्या वेळी साहेब केबिनमध्ये बोलवायचे आणि माणूस बाहेर यायचा तो टेबल आवरायलाच. पण माझ्या भावासारखे मालक निपजतात म्हणून असले कायदे करावे लागतात, हेही मी तिथेच सांगितलं. सल्लागार हसला. त्याला हसायचं कारण नव्हतं.

"ताई, तुझं लिखाण चांगलं," भाऊ म्हणाला. "कारणाचं पत्र तूच लिही ना."

लिहिलं. एका बैठकीत. "आवश्यकता नसताना, निव्वळ सवयीने, परीक्षेच्या ऐन वेळी ब्रेक दाबून आपण विद्यार्थिनीचे व संस्थेचे नुकसान केले आहे." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, वाक्य असं हवं की ज्याच्यावर पडेल तो उठता कामा नये. सल्लागाराने ते दोनदा वाचलं. मी अट घातली की माझे तास दुसऱ्या कोणाकडे तरी लगेच सुरू व्हावेत. भाऊ हो म्हणाला. तो घाईत नेहमीच हो म्हणतो.

शुक्रवार, ७ मार्च

दुपारी दारावरची बेल वाजली. दारात ब्रेकबाई. आता सगळेच म्हणतात तर मीही तेच लिहिते. हातात माझं पत्र.

"मॅडम, मंगळवारी माझी सुनावणी आहे. माझ्यासोबत याल?"

"कोण, मी?"

"कोणीही सज्ञान चालतं म्हणे."

"मला सज्ञान धरल्याबद्दल आभारी आहे. पण बाई, मी मालकाची बहीण आहे."

"माहितीये."

"आणि हे पत्र मी लिहिलंय."

"तेही माहितीये. मालकांना दोन ओळींच्या वर सुचत नाही."

हे खरं असल्यामुळे मी त्यांना आत घेतलं. पाणी दिलं. त्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या, पाय जमिनीवर सरळ टेकवून, गाडीत बसतात तसंच.

"मग मीच का?"

"बाकी तिघं शिकवणारे आहेत, त्यांना विचारलं. त्यांना नोकरी आहे. तुम्हाला कोणी काढू शकत नाही."

ही स्तुती होती की काय ते ठरवता येईना, म्हणून स्तुती धरली.

"एवढं काय त्यात? ही शाळा नाही तर दुसरी. शहरात पैशाला पासरी शाळा आहेत."

"या कारणानं काढलं तर शिकवायचा बिल्ला जातो मॅडम. मग कुठेच नाही." बाईंनी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मला दुसरं काही येत नाही. आणि हे येतं."

त्यांच्या आवाजात विनवणी वगैरे काही नव्हती. विनवणी असती तर मी नाही म्हटलं असतं. मला रडकी माणसं सहन होत नाहीत. मी हो म्हटलं. दया आली म्हणून नव्हे. बाळ्याला वाटायला लागलं आहे की मी त्याची कारकून आहे, तो गैरसमज वेळेत दूर केलेला बरा.

शनिवार, ८ मार्च

भावाचा फोन. हॅलोसुद्धा नाही.

"ताई, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?"

"कायद्याच्या."

"परवा तर मूर्ख म्हणालीस कायद्याला!"

"मूर्ख आहेच. पण छापील आहे."

"आरोपपत्र तूच लिहायचं आणि बचावही तूच करायचा? जगात असं कुठं झालंय?"

"तुझ्या शाळेत होतंय. नाव काढलंस."

"आईला काय वाटलं असतं?"

"आईला वाटलं असतं की तुला लहानपणी आणखी दोन ठेवून द्यायला हव्या होत्या."

त्याने सल्लागाराला विचारून बघितलं. कायद्यात मालकाच्या बहिणीला मज्जाव नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात आमच्यासारखं घर आलंच नसावं. तासाभराने भावजयीचा फोन. "वन्सं, उद्या जेवायला येऊ नका हं, आम्ही बाहेर आहोत." मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. आत्तापासूनच उद्याच्या नसण्याची तयारी.

मंगळवार, ११ मार्च

सुनावणी झाली. सुनावणी कसली, घरगुती नाटक.

शाळेतल्या शिकवणीच्या खोलीत टेबलं लावली होती. भिंतींवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते आणि मधल्या टेबलावर प्लायवूडवर रंगवलेला चौक, खेळण्यातल्या गाड्यांसह. तक्रार करणारा निकाल देऊ शकत नाही, म्हणून निकाल द्यायला बसली होती कोण, तर भावजय. तक्रार करणाऱ्याची बायको. मी सुरुवातीलाच हरकत घेतली. सल्लागार म्हणाला, पहिल्या सुनावणीला चालतं, अपिलाला चालत नाही. भावजय मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही बसून बोललात तरी चालेल." मी उभीच राहिले.

भावाने आधी अर्धा तास बँक कशी गेली ते सांगितलं. मग बाईंना विचारलं, "म्हातारा कुठे होता ते दाखव."

बाईंनी खडूचा एक तुकडा उचलला आणि रंगवलेल्या फुटपाथच्या अगदी कडेला ठेवला.

"म्हणजे रस्त्यावर नव्हताच!"

"नव्हता. एक पाय खाली सोडला होता."

"सोडला होता की ठेवला होता?"

"ठेवला असता तर मग ब्रेक दाबून उपयोग नव्हता."

सल्लागाराने हे लिहून घेतलं. भावाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने बाजू बदलली.

मग मी माझ्याच पत्रावर तुटून पडले. "निव्वळ सवयीने" म्हणजे काय? सवयीला पुरावा काय?

"अगं, तुझंच वाक्य आहे ते!" भाऊ ओरडला.

"म्हणूनच मला ठाऊक आहे की त्यात काही नाही."

इथवर बाजू आमच्याकडे झुकली होती. मी अशा कितीतरी बैठका पाहिल्या आहेत. समोरचा पाण्याचा पेला उचलून न पिता खाली ठेवायला लागला की समजावं. भावाने दोनदा ठेवला. मग तो म्हणाला, "सवय आहे की नाही ते कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. ही सगळ्यांच्या गाडीत दाबते."

मी हीच वाट पाहत होते. "मी विद्यार्थी आहे," मी म्हटलं. "आठवड्यातून पाच दिवस या बाईंच्या शेजारी बसून गाडी चालवते. माझ्या गाडीत त्यांनी एकदाही ब्रेक दाबलेला नाही. हे लिहून घ्या."

सल्लागाराचं पेन थांबलं. भावाच्या घशातून खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला. भावजय भिंतीवरचा 'पुढे अरुंद पूल' हा तक्ता वाचायला लागली. दारात बाकीचे शिक्षक ऐकत उभे होते, त्यातला एक तोंडावर हात धरून बाहेर निघून गेला. मी समजले, मुद्दा बरोबर लागला.

सल्लागाराने बाईंना विचारलं, "हे खरं आहे? मॅडमच्या गाडीत आपण कधी ब्रेक दाबलेला नाही?"

बाई आपल्या बुटांकडे बघत राहिल्या. पातळ तळाचे कापडी बूट घालतात त्या, चालताना आवाज न होणारे. "विद्यार्थ्याचं गाडीतलं मी बाहेर सांगत नाही."

"अहो, तुमच्या फायद्याचं विचारतायत!" मी म्हटलं.

"नाही सांगत मॅडम."

काय म्हणावं! मी तोंडात घास आणून ठेवला आणि या बाईला गिळता येईना. "हो, मॅडम म्हणतात ते खरं आहे," एवढं म्हणायला काय जीभ झडणार होती? तिथून पुढे सगळं घसरलं. भाऊ उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, बस झालं. चल, मी घरी सोडतो तुला." इतक्या हळू आवाजात तो माझ्याशी हे गेले त्या दिवशी बोलला होता. मला तो आवाज आवडला नाही. मी बसने आले.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी निकाल लागला. बडतर्फ. कारण: "आवश्यकता नसताना, निव्वळ सवयीने." माझ्या पत्रातून जसंच्या तसं उचललेलं, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. चोरायचं ठरवलं की ही माणसं अगदी नीटनेटकी चोरतात. बाकावर बाई नव्हत्या.

दुपारी नव्या शिक्षकाबरोबर पहिला तास. तरुण, डोळ्यांवर काळा गॉगल, तोंडात च्युइंगगम, मांडीवर फोन. मला आंटी म्हणतो. मी सांगितलं की मला फारसं शिकवावं लागत नाही. तो म्हणाला, "मस्त!" आणि फोनवर अंगठा चालवायला लागला. भाजीबाजाराचा रस्ता ठीक गेला, फक्त गाडी आज जरा आडमुठी वाटली. दोनदा बंद पडली. मागच्यांनी हॉर्न वाजवले. गाडीची सर्व्हिसिंग झालेली नसावी.

दवाखान्याच्या चौकात डावीकडे वळले. कोणी विचारलं नव्हतं तरी आरशात पाहिलं. नजर पुढे आणली. गाडी थांबलेली नव्हती.

समोर एक बाई आणि तिची लहान मुलगी. आईने मुलीला दप्तराच्या पट्ट्याला धरून मागे खेचलं. पट्टा तुटला, मुलगी फुटपाथवर बसली, दप्तर रस्त्यात राहिलं. गाडी दप्तरावरून, त्या दोघींच्या बाजूने, फुटपाथवर चढली आणि दुकानापुढच्या रिकाम्या खोक्यांच्या ढिगात शिरून बंद पडली.

कोणाला लागलं नाही. हे मी पुन्हा लिहिते. कोणाला लागलं नाही.

"टेन्शन नको आंटी, होतं असं," गॉगल म्हणाला. त्याचा पाय ब्रेकच्या आसपासही नव्हता. पाय दुमडून बसला होता गाढव. मी काचेतून त्या आईकडे पाहिलं. ती मुलीला उठवत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

भाऊ येऊन सगळं निस्तरून गेला. "मिटवलंय मी. ताई, कुठे बोलू नकोस हे."

शनिवार, १५ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही. सुनेने दोनदा विचारलं, जेवत का नाही. भूक नाही म्हटलं. तिने गाडीचं नाव काढलं नाही. म्हणजे हिलाही कळलेलं आहे.

सोमवार, १७ मार्च

ब्रेकबाईंकडे गेले. शिवणकामाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जिना अंधारा आणि उभा. बाई शेजारणीच्या मुलाला वाहतुकीच्या खुणांचं पुस्तक घेऊन प्रश्न विचारत होत्या. त्याची परीक्षा आहे म्हणे. फुकटची शिकवणी. त्याला त्यांनी पिटाळलं.

मी बसायच्या आधीच विचारलं, "किती वेळा?"

त्यांनी "काय" असं विचारलं नाही. "मोजत नाही मॅडम मी."

"रोज?"

"जिथं आरशाचं विचारलं तिथं."

मी बसले. तीन महिन्यांतले आरसे एकामागून एक डोळ्यांसमोर आले. भाजीबाजार, पेट्रोल पंप, शाळेचं फाटक, दवाखान्याचा चौक, परत दवाखान्याचा चौक. तो शिस्तीत थांबलेला सायकलवाला. गाडी माझं ऐकते म्हणे! हे मी याच वहीत लिहिलं आहे, स्वतःच्या हाताने, शाईने.

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की लोक एकतर घाबरतात, नाहीतर यायचे बंद होतात. तुम्ही घाबरणाऱ्यातल्या नाही." बाईंनी गॅसवर चहा चढवला, पाठ माझ्याकडे. "आणि कमी होत आलं होतं. पहिल्यांदा चौकात ब्रेक तीन-चारदा लागायचा. हल्ली एकदाच."

"आणि सुनावणीत? तिथे तरी बोलायचं! 'हिच्यासाठी रोज दाबते, नाहीतर ही कोणाला तरी चिरडेल,' असं म्हटलं असतं तर तुमची सवय नव्हे, गरज सिद्ध झाली असती. बिल्ला वाचला असता."

"तुमच्या भावासमोर?"

"मग काय झालं?"

"त्या दाराशी सगळे उभे होते मॅडम. हसायला टपलेले."

मी आयुष्यात पुष्कळ माणसांना मूर्ख म्हटलेलं आहे आणि बहुतेकदा बरोबर म्हटलेलं आहे. या बाईलाही म्हटलं, तिथल्या तिथे, तोंडावर. "तुम्ही एक नंबरच्या मूर्ख आहात." त्या म्हणाल्या, "साखर किती?"

मी जन्मभर शेजारच्या सीटवर बसले. शेजारी बसणाऱ्याला गुपचूप काय काय करावं लागतं, हे दुसऱ्या कोणाला नाही तरी मला समजायला हवं होतं.

घरी आल्यावर शेडमध्ये जाऊन गाडीत बसले. चालवायच्या सीटवर. मी आता जे लिहून देणार आहे, ते दिलं की सुनेला आयतंच मिळेल, भाऊ प्रत्येक लग्नात सांगत सुटेल, आणि दारातला तो तोंडावर हात धरणारा शिक्षक मोठ्याने वाचून दाखवेल. वाचू दे. शुद्धलेखनाची चूक त्याला सापडणार नाही.

मंगळवार, १८ मार्च

खालील पत्र आज सकाळी स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली. भाऊ पोच द्यायला तयार नव्हता, पण सल्लागार शेजारी बसला होता आणि त्याने मान हलवली. टाय तोच. प्रत इथे ठेवते.

"प्रति, मालक, मोटार ड्रायव्हिंग स्कूल.

विषय: बडतर्फीच्या निकालाविरुद्ध अपील.

महोदय,

दिनांक ११ मार्चच्या सुनावणीत, कामगाराची सोबत म्हणून, मी असे सांगितले की माझ्या गाडीत तिने एकदाही ब्रेक दाबलेला नाही. ते विधान खोटे होते. ते खोटे आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक होते, आपल्या पत्नीला ठाऊक होते, आणि दारात उभे राहून फुकट तमाशा पाहणाऱ्या आपल्या नोकरांनाही ठाऊक होते. एकाही शहाण्याने ते खोडून काढले नाही.

मला गाडी चालवता येत नाही. हे मी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून देत आहे. तीन महिने ती गाडी त्या बाईने चालवली, आणि मी स्टिअरिंग धरून बसले.

दिनांक १४ मार्च रोजी तीच मी, तीच गाडी आणि तोच चौक होता. फक्त शेजारी त्या नव्हत्या. त्याचा परिणाम आपण स्वतः येऊन पाहिला आहे आणि 'कुठे बोलू नकोस' असे मला सांगितले आहे. मी बोलत आहे. ज्या ब्रेकची आवश्यकता नव्हती असे आपण निकालात म्हणता, तो न दाबल्यामुळे एका मुलीचे दप्तर चाकाखाली गेले. मुलगी गेली नाही, याचे श्रेय तिच्या आईच्या हाताला आहे; आपल्या शाळेला नाही आणि मला तर मुळीच नाही. त्या म्हाताऱ्याला खेचायला कोणाचा हात नव्हता.

'आवश्यकता नसताना, निव्वळ सवयीने' हे शब्द माझे आहेत. ते मी वाक्याला वजन यावे म्हणून घातले होते, वस्तुस्थिती पाहून नव्हे. मी ते मागे घेत आहे. आपल्या निकालात त्याखेरीज दुसरे कारण नाही, तेव्हा आता आपल्याकडे कोणतेच कारण शिल्लक नाही.

यास्तव पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: हे अपील ऐकणाऱ्या, आपल्या नात्यात नसलेल्या व्यक्तीचे नाव, अपिलाचा निकाल लागेपर्यंत बाईंना त्यांची गाडी आणि त्यांचे विद्यार्थी परत दिल्याचा आदेश, आणि तास चालू असताना फोनवर अंगठे चालवणाऱ्या आपल्या नव्या शिक्षकाचे आपण काय करणार आहात.

माझे उरलेले तास मला त्यांच्याकडेच हवे आहेत. मी पहिल्या धड्यापासून सुरुवात करणार आहे.

मी फोन उचलणार नाही. पत्नीच्या हाती डबा पाठवलात तर डबा ठेवून घेईन, ते उत्तर धरणार नाही. आईची आठवण काढू नये. मुदत टळल्यास हेच पत्र कामगार आयुक्तांकडे जाईल आणि एक प्रत बँकेच्या मॅनेजरांच्या पत्नीला, कारण आपण कोणाच्या भरवशावर शिकत होतो हे त्यांनाही कळायला हवे.

या पत्रावर मी कामगाराची सोबत म्हणून सही करत आहे, बहीण म्हणून नव्हे. बहिणीला उत्तर केव्हाही दिलेत तरी चालेल. सोबतीला ते सोमवार, २४ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत मिळाले पाहिजे. लेखी."